आत्मरक्षणाची मर्यादा

आपल्यावर शस्त्र घेऊन चालून आलेल्या मनुष्यास ठार मारणे हे पाप आहे काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार प्राचीन काळी विचारला, आणि त्याचे उत्तरही निःसंदिग्ध शब्दांत दिले. घरास आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेऊन मारावयास आलेला, धन लुटणारा, भूमी बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा, अशा सहा प्रकारच्या दुष्टांना त्यांनी 'आततायी' ही संज्ञा दिली. असा आततायी, मग तो गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की विद्वान ब्राह्मण असो, चालून आला असता त्याचा वध करण्यात दोष नाही, असे मनूचे सांगणे आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणी, अहिंसेसारख्या थोर धर्मासही अपवाद असतात हे दाखविताना याच विषयाचा ऊहापोह केला आहे. तेव्हा आत्मरक्षणाचा अधिकार मनुष्यास आहे की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. तो अधिकार आहे.

प्रश्न आहे तो निराळाच. हा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? ज्या कायद्यांनी ही सीमा पुढे ढकलली, आणि ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याला 'मला धोका वाटला' एवढ्या शब्दांवर दुसऱ्याचा प्राण घेण्याची मुभा दिली, ते कायदे रद्द व्हावेत म्हणून झटणाऱ्या लोकांकडे आपण सश्रद्ध माणसांनी कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेखक पुजाऱ्याचा मुलगा आहे. त्याचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. परंतु हा विषय केवळ वकिलांचा आहे असे त्यास वाटत नाही, म्हणून हे धाडस.

मनूच्या वचनात एक लहानसा शब्द आहे आणि तो सहसा दृष्टीआड होतो. वध करावयाचा तो 'चालून येणाऱ्या' आततायीचा. जो कालपर्यंत आततायी होता त्याचा नव्हे, अथवा जो उद्या होईल अशी शंका आहे त्याचाही नव्हे. ब्राह्मण, क्षत्रिय किंवा सुतार, सोनार हे जसे माणसाचे कायमचे वर्णन होऊ शकते, तसे आततायी हे माणसाचे कायमचे वर्णन नाही. ते एका क्षणाचे वर्णन आहे. उगारलेला हात खाली आला, शस्त्र गळून पडले, मनुष्य पळू लागला किंवा बांधला गेला, की तो आततायी राहत नाही. तो अपराधी असेल, महापातकी असेल. पण त्याचा निवाडा करणे हे आता राजधर्माचे काम आहे, ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे नव्हे, आणि राजाच्या एखाद्या शिपायाचेही नव्हे.

आपल्या देशाचा सामान्य कायदा नेमका याच विचारावर उभा आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानात ९६ ते १०६ ही कलमे खासगी संरक्षणाच्या अधिकारास वाहिलेली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत. हा कायदा भित्र्यांसाठी लिहिलेला नाही. प्राणावर बेतले असता, बलात्काराचा किंवा अपहरणाचा प्रसंग आला असता, दरोडा पडला असता, रात्री घर फोडले जात असता हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा अधिकार जातो. २०१३ साली त्यात तेजाब फेकण्याच्या हल्ल्याचीही भर पडली. संकटात सापडलेल्या माणसाने पळूनच गेले पाहिजे असे न्यायालये म्हणत नाहीत, आणि भीतीने थरथरणाऱ्या हाताने दिलेला घाव सोन्याच्या तराजूत तोलीतही नाहीत. परंतु या अधिकारास तीन कुंपणे आहेत. पहिले कुंपण असे की धोका प्रत्यक्ष व समोर उभा असला पाहिजे. दुसरे असे की संरक्षणास लागेल तेवढेच बळ वापरावे, अधिक नाही. आणि अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास अवसर असेल तर स्वतः दंड हाती घेऊ नये. तिसरे असे की ज्याने प्राण घेतला त्याने मागाहून न्यायासनासमोर उभे राहून आपली बाजू मांडावी.

ज्या कायद्यांविरुद्ध जगात चळवळी झाल्या, त्यांतील प्रत्येक कायद्याने यांपैकी एखादे तरी कुंपण मोडले आहे, असे बारकाईने पाहिल्यास आढळते.

आपल्याच देशातील सशस्त्र दले विशेष अधिकार कायदा घ्या. १९५८ च्या सप्टेंबरात तो आसाम व मणिपूर यांसाठी झाला आणि पुढे इतर प्रदेशांस लागू होत गेला. त्याचे मूळ मात्र १९४२ सालच्या वटहुकुमात आहे. 'चले जाव' चळवळ चिरडण्यासाठी लॉर्ड लिनलिथगो यांच्या सरकारने तो ऑगस्ट महिन्यात काढला होता. त्या परकीय वटहुकुमानेही गोळी झाडून प्राण घेण्याचा अधिकार कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्यास दिला नव्हता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने तो बिनसनदी (नॉन-कमिशन्ड) अधिकाऱ्याच्या पातळीपर्यंत खाली नेला. 'अशांत' म्हणून घोषित झालेल्या प्रदेशात पाच किंवा अधिक माणसांच्या जमावास अथवा शस्त्र बाळगण्यास बंदी असेल, आणि ती कोणी मोडीत असेल, तर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आवश्यक वाटल्यास, इशारा देऊन, मृत्यू येईपर्यंत बळ वापरता येते. समोरच्याने हल्ला केलाच पाहिजे अशी अट त्यात नाही; म्हणजे पहिले कुंपण गेले. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून अशा कृत्याबद्दल खटला चालत नाही. म्हणजे तिसरेही बहुतांशी गेले.

याचे फळ काय झाले? २ नोव्हेंबर २००० रोजी मणिपुरात इंफाळजवळ मालोम येथे, आसाम रायफल्सच्या ताफ्यावर हल्ला झाल्यानंतर जो गोळीबार झाला, त्यात बसथांब्यावरचे दहा नागरिक ठार झाले. त्यानंतर इरोम शर्मिला या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीने अन्नत्याग केला. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली तिला पुनःपुन्हा अटकेत ठेवण्यात आले, नाकातील नळीने अन्न देऊन तिला जगविण्यात आले, आणि ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे, हे व्रत चालले. उपवासाचे मोल जाणणाऱ्या आपल्या घरांनी क्षणभर थांबून विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे. पुढे २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत ती उभी राहिली तेव्हा तिला नव्वद मते पडली. त्यागाला नमस्कार करणे सोपे असते, त्यागाने मागितलेली गोष्ट देणे अवघड असते, हेच खरे.

या कायद्याच्या इतिहासात हैदराबादचेही एक नाव आहे. २००४ साली मणिपुरात थांगजम मनोरमा या तरुणीला सैनिकांनी अटक केल्यानंतर तिचा मृतदेह सापडला, आणि तेथील स्त्रियांनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर जो निषेध केला त्याने सारा देश हादरला. तेव्हा केंद्र सरकारने न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे गृहस्थ आपल्या हैदराबादच्याच उच्च न्यायालयात प्रथम वकील व नंतर न्यायाधीश होते आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या समितीत एक निवृत्त लेफ्टनंट जनरलही होते, हे ध्यानात ठेवावे. ६ जून २००५ रोजी सादर केलेल्या अहवालात या समितीने हा कायदा रद्द करावा, असे स्पष्ट सांगितले. ती शिफारस स्वीकारली गेली नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. मंदिराच्या ओसरीवर एका वृद्ध सद्गृहस्थांनी तो फार कळकळीने मांडला. ते म्हणाले, ''अहो, जंगलात बंदुका घेतलेले बंडखोर दबा धरून बसलेले. आपला जवान तेथे आईबापांपासून शेकडो कोस दूर. त्याच्या हातापायांत कायद्याच्या बेड्या घालून त्याला मरावयास पाठवावयाचे काय?'' सैनिकाविषयीची ही माया कोणास दोषास्पद वाटेल? परंतु विशेष कायदा गेला म्हणून सैनिकाचा आत्मरक्षणाचा अधिकार जात नाही. वर सांगितलेली सर्व कलमे तुम्हा-आम्हांसारखीच त्यालाही लागू आहेत. सशस्त्र बंडखोर समोर आला तर गोळी झाडण्यास तो मोकळाच आहे. शिवाय जमाव पांगविण्यासाठी सैन्यास बोलाविण्याची तरतूद सामान्य फौजदारी कायद्यात आहे, आणि सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्यास तेथेही संरक्षण आहे. जीवन रेड्डी समितीनेही सैन्य माघारी बोलवा असे म्हटले नव्हते. आवश्यक ते अधिकार मर्यादांसह बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घालावेत, असे सुचविले होते. जाते ती केवळ हिशेब न देण्याची सवलत. आणि निर्दोष सैनिकाला ही सवलत नकोच असते. चौकशी झाली नाही तर त्याच्यावरचा संशय कधीच फिटत नाही. दोषी आणि निर्दोष दोघेही एकाच धुक्यात राहतात.

सर्वोच्च न्यायालयासमोर मणिपुरातील १५२८ मृत्यूंचे गाऱ्हाणे आले असता, ८ जुलै २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर व न्यायमूर्ती उदय लळित यांनी असाच निर्वाळा दिला की अशांत प्रदेशातही अतिरेकी बळाला माफी नाही आणि तशा आरोपाची चौकशी झालीच पाहिजे. २०१५ साली त्रिपुरातून आणि २०१८ साली मेघालयातून हा कायदा उठविण्यात आला. ती राज्ये बुडाली नाहीत. कायदा मात्र अजून ग्रंथात आहे आणि ईशान्येच्या काही भागांत लागूही आहे.

दुसरे कुंपण मोडले की काय होते हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-नातवंडे तेथे राहतात, म्हणून ते उदाहरण अगदीच परके नव्हे. १९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या गावी योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी एका मेजवानीस निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराच्या दारी गेला. घरमालकाने 'थांब' म्हटलेले त्यास नीट उमगले नाही, आणि गोळी लागून तो मेला. घरमालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला. मुलाच्या आईबापांनी सूड मागितला नाही. त्यांनी बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या अर्जावर आपल्या देशात सतरा लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या आणि १९९३ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेऊन आपले म्हणणे मांडले. तरीही २००५ साली फ्लोरिडा राज्याने असा कायदा केला की घराबाहेरही, सुरक्षितपणे मागे सरणे शक्य असूनही, मनुष्याने मागे सरण्याचे कारण नाही. इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की त्या कायद्यानंतर फ्लोरिडातील मनुष्यवधांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढले. आत्मरक्षणाची सीमा रुंदावल्याने माणसे अधिक सुरक्षित झाली नाहीत. उलट अधिक माणसे मेली. असे कायदे रद्द व्हावेत म्हणून तेथे जी चळवळ चालते तिच्यात मृत मुलांचे आईबाप अग्रभागी आहेत.

परंतु दूरच्या गोष्टी सांगून जवळची टाळणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. कायदा न बदलताही कुंपण मोडता येते, हे आपल्या शहराने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य भगिनीवर जो अमानुष अत्याचार झाला आणि तिला मारून जाळण्यात आले, त्याने हिमायतनगरातील प्रत्येक घर हळहळले. मुलगी घरी येईपर्यंत आया दारात उभ्या राहू लागल्या. ६ डिसेंबरच्या पहाटे, पकडलेले चारही आरोपी शादनगरजवळ चटणपल्ली येथे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. आरोपींनी पिस्तुले हिसकावून हल्ला केला, म्हणून आत्मरक्षणार्थ गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, मिठाई वाटली. त्यांचा संताप खरा होता, हे कोणीही नाकारू नये.

सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, नागपूरचे, आपल्याच भाषेचे. २०२२ च्या मे महिन्यात उघड झालेल्या अहवालात आयोगाने आत्मरक्षणाचे म्हणणे फेटाळले, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून झाडल्या गेल्या असा निष्कर्ष काढला, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते असे नमूद केले, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. प्रकरण पुढील निर्णयासाठी तेलंगणाच्या उच्च न्यायालयाकडे गेले.

यावर कोणी म्हणेल की अशा नराधमांसाठी अश्रू कशाला? न्यायालयात वर्षानुवर्षे लागतात. तोवर पीडितेच्या आईबापांनी काय करावे? न्याय उशिरा मिळतो हे गाऱ्हाणे शंभर नव्हे, हजार वेळा खरे आहे. पण त्याचा उपाय न्यायालये भराभर चालविणे हा आहे, न्यायालयाचे दार बंद करणे हा नव्हे. विचार करा, पुरावा न्यायासनासमोर कधी मांडलाच गेला नाही. अपराध याच चौघांनी केला, सर्वांनी सारखाच केला, की त्यांत कोणी अनवधानाने गोवला गेला, हे शपथेवर कधीच सिद्ध झाले नाही आणि आता होणारही नाही. त्या भगिनीला न्याय मिळाला असे आपण म्हणतो. वस्तुतः तिला खटलाही मिळाला नाही.

ही सवय नवी नव्हे. आणीबाणीत आंध्रात घडलेल्या चकमकींचा शोध घेण्यासाठी जयप्रकाशजींनी १९७७ साली जी नागरिक समिती नेमली, तिचे प्रमुख होते सासवडचे वि. म. तारकुंडे. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांच्या चकमकींत सुमारे १३५ माणसे मेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१४ साली न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी नियम घालून दिले. फिर्याद नोंदवावी, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, आणि चकमकीपाठोपाठ लगेच शौर्यपदके व बढत्या देऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे. हा शेवटचा नियम मनुष्यस्वभाव ओळखून केलेला आहे. वधाला बक्षीस मिळू लागले की आततायी शोधून सापडू लागतात.

श्रीमद्भागवताच्या पहिल्या स्कंधात, सातव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. अश्वत्थाम्याने द्रौपदीचे पाच पुत्र झोपेत असताना मारले. याहून नीच आततायीपणा कोणता असेल? अर्जुनाने त्याचा पाठलाग केला, त्याला पकडले आणि दोरांनी बांधून शिबिरात आणले. भीम म्हणाला, मारा. आणि जिची पाचही मुले गेली ती द्रौपदी म्हणाली की याला सोडा. मी जशी रडते आहे तशी याच्या आईने रडू नये. अखेर अर्जुनाने त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला आणि त्याला हाकलून दिले. त्याला शिक्षा झाली. अपमान झाला, तेज गेले. परंतु बांधलेल्या माणसावर शस्त्र चालले नाही. अश्वत्थामा शिबिरात शिरला त्या रात्री त्याला मारणे हा धर्म होता, आणि सकाळी, दोरांनी बांधलेला असताना, तो धर्म राहिला नव्हता. त्याचे पाप तेच होते. बदलला होता तो क्षण.

म्हणून आमचे नम्र मत असे आहे की हे कायदे रद्द व्हावेत म्हणून झटणारे लोक धर्माचे शत्रू नाहत, आणि देशाचेही नाहीत. त्यांना कोणाचाही आत्मरक्षणाचा हक्क काढून घ्यावयाचा नाही. मोडलेली कुंपणे पुन्हा उभी करावयाची आहेत. आपण प्रत्येकाने मोर्चात जावे असे नाही. आपल्या खासदाराला एक पत्र मराठीत, तेलुगूत, कोणत्याही भाषेत लिहिता येते. घरी मुलांशी बोलताना, पकडलेल्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली असता, 'बरे झाले' म्हणण्याआधी 'खटला झाला काय?' असे विचारता येते. आणि पुढच्या खेपेस कोणी त्या आनंदाची मिठाई घेऊन दारी आले, तर ती हात जोडून परत करता येते.

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.